सुद्याचा दगड

समजा, तुम्हाला एक दगड शोधायचा आहे.

बसायच्या पाटाएवढा, पण वीतभर जाड. तुम्ही तो शेवटचा पाहिला तेव्हा तुम्ही चौथीत होता. तेव्हा तिथे कौलारू चाळ होती, आता टॉवर आहे. चाळीमागची जमीन खाडीकडे उतरत जायची, आता तिथे पार्किंगचे मजले आहेत. ज्या जांभळाच्या झाडावरून तुम्ही दगडाची जागा लक्षात ठेवली होती ते झाड गेलं, आणि ज्या नळावरून झाडाची जागा लक्षात ठेवली होती तो नळही गेला. आता डोळे मिटा, चौथीत जा आणि बोट दाखवा.

हो, आणि मागे तुमची मोठी बहीण उभी आहे. ती हसते आहे.

हे काम माझ्या मामाने केलं. मी त्याला मदत केली, म्हणजे काम आणखी अवघड करून ठेवलं.

मामाचं नाव सुदेश. लिफ्ट मेकॅनिक. घोडबंदर रोडपासून कल्याणपर्यंत जिथे जिथे उंच बिल्डिंगा आहेत, तिथल्या लिफ्ट वर-खाली करण्यात त्याचं आयुष्य गेलं. स्वतः राहतो कल्याण पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये, चौथ्या मजल्यावर. पुढच्या दिवाळीनंतर रिटायर होईल. माणूस मायाळू, हाताने कुशल आणि जिभेने बेभरवशाचा. घोडबंदरच्या एका टॉवरमध्ये येऊरच्या जंगलातला बिबट्या लिफ्टमध्ये शिरला आणि सातव्या मजल्यावर शांतपणे उतरला, ही गोष्ट त्याने मला लहानपणी सांगितली. मी शाळेत जाऊन सांगितली. वर्गात विचारलं गेलं, बटण कोणी दाबलं? मी घरी येऊन मामाला विचारलं. तो म्हणाला, "आत म्हातारी होती एक. तिला सातव्यालाच जायचं होतं."

अशा माणसाने कधीतरी घरी येऊन सांगितलं की चाळीमागे मला एक दगड सापडलाय, त्याच्यावर एक हात कोरलेला आहे, हातात बांगड्या आहेत आणि वर चंद्र-सूर्य आहेत, तर घरचे काय म्हणणार? घरचे हसले. माझी आई, म्हणजे शेवंती, मामाची मोठी बहीण, सगळ्यात जास्त हसली. आणि मग तो दगडच हरवला. तेव्हापासून आमच्या घरात जी गोष्ट कोणी पाहिलेली नाही आणि कोणी पाहणार नाही तिला "सुद्याचा दगड" म्हणतात. बिल्डरने सांगितलेली ताबा द्यायची तारीख म्हणजे सुद्याचा दगड. माझं प्रमोशन म्हणजे सुद्याचा दगड. मला मराठीत पहिल्यांदा कळलेला वाक्प्रचार हाच. शाळेच्या पुस्तकात तो नाही, हे मला फार उशिरा समजलं. एकदा निबंधातही वापरला होता. बाईंनी लाल रेघ मारली.

मामा स्वतःही या थट्टेत हसायचा. गेल्या वर्षी मात्र त्याच्या मुलीचा, अमृताचा, साखरपुडा झाला. जेवणं झाल्यावर मामा होणाऱ्या जावयाला सांगत होता, "तुम्हाला कोकणात घेऊन जातो, आमच्या गावच्या नदीत एवढाले मासे आहेत." आई पानाचा विडा चघळत मागून म्हणाली, "सांभाळा हं, सुद्याचा दगड असेल." जावयाने विचारलं म्हणजे काय, आणि आईने रंगवून सांगितलं. सगळा हॉल हसला. जावई हसला. अमृता हसली. मामाही हसला आणि हसत हसत गॅलरीत गेला.

मी पाणी घेऊन गेले तर तो कठड्याला टेकून उभा होता.

"रसिके," तो म्हणाला, "बिबट्या खोटा होता."

"माहितीये, मामा."

"मासे पण तेवढे मोठे नाहीत."

"ते पण माहितीये."

"दगड खरा होता गं."

मग त्याने खिशातून मेंटेनन्सच्या पावतीचा कागद काढला आणि पाठीमागे चित्र काढलं. उभा खांब. खांबातून बाहेर आलेला, कोपरात वाकून वर गेलेला हात. मनगटापासून खाली बांगड्या, एकाखाली एक. वर कोपऱ्यात सूर्य, दुसऱ्या कोपऱ्यात चंद्रकोर. "हाच," तो म्हणाला. "चाळीतल्या पोरांनी स्टंप करायला नेला असता म्हणून मी तो पालथा पाडून ठेवलेला. बांबू घालून एक कड उचलायची, वाकून बघायचं, परत सोडून द्यायचा. एकट्याने. मे महिन्यात गावाला गेलो, परत आलो तर जागा रिकामी. रडलेलो मी. नळावर आमची नळाई होती ना, देवी, तिला रोज हात जोडायचो. नारळ बोललेलो. पावली नाही."

मी घरी जाऊन ते चित्र इंटरनेटवर शोधलं. असे दगड खरोखर असतात. शेकडो वर्षांपूर्वी सती गेलेल्या बायकांच्या आठवणीसाठी ते उभे करत, आणि त्यांच्यावर असाच, हुबेहूब असाच, बांगड्या भरलेला हात असतो. चौथीतल्या पोराने हे मनाने काढणं शक्य नव्हतं. मामाला थाप मारायची असती तर त्याने तलवार काढली असती, घोडा काढला असता, किमान बिबट्या.

तेव्हा मी ठरवलं की हा दगड मी शोधणार. माझ्यासारखी योग्य व्यक्ती दुसरी नव्हती, कारण मी नकाशांमध्ये काम करते. ऐरोलीच्या ऑफिसात बसून मध्य प्रदेशातल्या गॅसच्या पाइपलाइनी नकाशावर आखते. मध्य प्रदेशात मी कधी गेलेले नाही. कोपरीत, म्हणजे ठाणे स्टेशनच्या पूर्वेला जिथे आईची आणि मामाची घरतांची चाळ होती तिथे, मी लहानपणी एकदा गेले होते आणि तेव्हा झोपलेली होते. पण आत्मविश्वास भरपूर.

मी जुना सर्व्हेचा नकाशा मिळवला, तो स्कॅन केला, आजच्या उपग्रहाच्या फोटोवर बसवला आणि मामाला फोन लावला.

"मामा, दगड नळापासून किती लांब होता?"

"दोन मिनिटं."

"चालत?"

"पळत. मागे ताई असायची."

"दिशा कुठली?"

"खाडीची."

"खाडी तीन बाजूंनी दिसते, मामा."

"मग तिन्ही बाजूंना बघ."

पहिला बिंदू टॉवरच्या स्विमिंग पूलमध्ये पडला. मी हिशोब सुधारला तर तो थेट खाडीत गेला. मामाला कळवलं तेव्हा तो म्हणाला, "बाळा, आम्ही गरीब होतो, पण कोरडे राहायचो." शेवटी मी माझ्या नकाशातली चूक किती मोठी असू शकते त्याचं वर्तुळ काढलं. त्या वर्तुळात अख्खी चाळ, तिचे संडास, नळ, जांभळाचं झाड आणि शेजारची शाळा आरामात मावत होती. म्हणजे एवढं सगळं करून मी शास्त्रशुद्ध पद्धतीने सिद्ध केलं की दगड कोपरीत आहे.

तरी आमचं नशीब असं की त्या वर्तुळाच्या कडेला नाल्याचं काम चालू होतं आणि खोदलेल्या राडारोड्याचा डोंगर रस्त्यावर पडला होता. रविवारी आम्ही दोघे तिथे गेलो. मी हातमोजे आणि नवा टूथब्रश घेतला होता, कारण पुरातत्त्ववाले ब्रशने अलगद माती झाडतात हे मी व्हिडिओत पाहिलं होतं. मामाने पहार आणली होती.

येणारा-जाणारा थांबायचा. "काय हरवलं?"

"दगड," मामा सांगायचा.

माणूस ढिगाकडे बघायचा, मग आमच्याकडे. एकाने फार माणुसकीने विचारलं, "यातला चालणार नाही का कुठला?"

दुपारी मला तो दिसला. म्हणजे एक पाकळी दिसली. मी ओरडले, मामाने पहार टाकली, मी टूथब्रश काढला. पाकळीला लागून दुसरी पाकळी, मग वेलबुट्टीची कड. मामा म्हणाला, "आमच्यावर फूल नव्हतं गं, हात होता." मी म्हटलं, "मामा, तुला सगळं आठवत नसेल. शिल्पाचा दुसरा भाग असेल." हे मी म्हटलं. ज्याने तो दगड रोज पाहिला होता त्याला मी सांगितलं की तुला आठवत नसेल.

मी फोटो काढला आणि इतिहासप्रेमींच्या ज्या ग्रुपमध्ये नुकतीच शिरले होते तिथे टाकला. खाली लिहिलं, "कोपरी येथे शिलाहारकालीन शिल्पाचा तुकडा सापडला. अधिक तपशील लवकरच." शिलाहार हे ठाण्यावर हजार वर्षांपूर्वी राज्य करणारे राजे. मी त्यांच्याबद्दल आदल्या रात्री वाचलं होतं. पटापट हात जोडलेल्या बाहुल्या आल्या, टाळ्या आल्या, कोणी तरी भगवा झेंडाही टाकला. मामाने तोच फोटो आईला पाठवून दिला, वर एक शब्दही न लिहिता.

मग संचिता नावाच्या एका मुलीचा मेसेज आला. ती पुरातत्त्व शिकते. तिने अतिशय सभ्यपणे लिहिलं होतं, "ताई, छान प्रयत्न. फोटोत डाव्या बाजूला सळई दिसते आहे."

मी बघितलं. सळई होती. गंजलेली, पण सळईच. आमचं शिल्प म्हणजे कुणाच्या तरी न्हाणीघराच्या हवेसाठी बसवलेली सिमेंटची नक्षीदार जाळी होती. मी पोस्ट काढून टाकली, तोपर्यंत ती आणखी दोन ग्रुपांवर गेली होती, आणि एकावर तर तिचा काळही ठरला होता.

घरी गेल्यावर आईने दार उघडलं. "आणलात का तो? आपल्या बाथरूमची जाळी तुटलीये."

यानंतर मामाने दगडाचा विषय काढला नाही. मीही नाही. अमृताच्या लग्नाची तारीख ठरली. माझ्या कॉम्प्युटरवर "मामा_अंतिम_अंतिम" नावाची फाइल पडून राहिली.

आता लिफ्टवाल्यांची एक रीत सांगायला हवी. नव्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट सुरू झाली की पंधरवड्यात तिचा कोपरा गुटख्याने लाल होतो. पाट्या लावा, दंड लावा, फरक पडत नाही. मग सेक्रेटरी मेकॅनिकला सांगतो आणि मेकॅनिक त्या कोपऱ्यात देवाची टाइल चिकटवतो. मामाच्या हत्यारांच्या पेटीत ग्रीस, पाने आणि देव असे तिन्ही असतात. टाइलांच्या एका पाकिटात चार धर्म एकत्र येतात. मामा चारही टाइला लावतो. "थुंकणारा कुठला निघेल सांगता येत नाही," असं त्याचं म्हणणं.

डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगचा जिनाही असाच रंगला होता. सोसायटीने आईला सांगितलं, आईने भावाला बोलावलं. भाऊ फुकटात येतो. तर मामा जिन्यात उकिडवा बसून भिंतीला चिकट मसाला लावत होता, मी टाइल धरून उभी होते आणि आई चहा घेऊन वरच्या पायरीवर बसली होती, काम नीट होतंय का बघत.

"तुम्हाला एवढी टाइल लागते," आई म्हणाली. "आम्ही एक दगड आणि एक पुडी शेंदूर, एवढ्यात केलेलं. त्याच संध्याकाळपासून बंद."

"काय बंद?" मी विचारलं.

"अगं, नळाच्या भिंतीशी पुरुष उभे राहायचे. गुत्त्यावरून निघाले की सरळ तिथे. आम्ही बायका हंडे घेऊन रांगेत, आणि शेजारी हे. आईने एक दिवस ठरवलं, बास. दगड आणला, उभा केला, शेंदूर फासला, उदबत्ती लावली. दुसऱ्या दिवशी एक दारुडा आला तो चप्पल काढून पाया पडून गेला."

मामा हात थांबवून वळला. "कुठल्या नळाच्या?"

"आपल्या. दुसरा कुठला होता?"

"म्हणजे नळाई? नळाई तुम्ही बसवली?"

"मग काय आभाळातून पडली?"

"ती स्वयंभू आहे! सगळी चाळ म्हणायची, जमिनीतून वर आली!"

"हो, स्वयंभू! मी आणि आईने उचलून आणली. कंबर धरलेली आईची चार दिवस. तू नव्हतास, काकांबरोबर गावाला गेलेलास, आंबे खायला."

टाइल माझ्या हातातून मामाने कधी घेतली आणि भिंतीला कधी लावली ते कळलं नाही, पण ती आता ओल्या मसाल्यावरून हळूहळू खाली सरकत होती आणि तिच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

"ताई," मामा म्हणाला, "दगड कुठून आणलात?"

"संडासाच्या मागून. पडलेला होता एक, चांगला सपाट."

"दोन्ही बाजूंनी सपाट?"

"दोन्ही बाजू कोण बघतंय? वरची बाजू सपाट होती. ती पुढे घेतली, शेंदूर नीट बसावा म्हणून. खालची ओबडधोबड होती, मातीने भरलेली. ती भिंतीकडे लावली."

"ओबडधोबड," मामा म्हणाला.

"हो."

"ताई, तो मी पालथा पाडून ठेवलेला."

आईचा चहाचा कप तोंडापाशी थांबला.

"आणि मी," मामा म्हणाला, "शाळेत जाताना रोज तिच्यासमोर उभा राहून म्हणायचो, नळाई, माझा दगड सापडू दे."

आधी आई हसली. इतकी हसली की चहा पायरीवर सांडला. मग मामा हसायला लागला. मी टाइल पकडायला धावले. खालून कोणीतरी विचारलं, काय झालं, लिफ्ट बंद आहे का.

पण हसून झाल्यावर आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "म्हणजे असेलच असं नाही हं. चाळीमागे दगड काय एकच होता?" आणि मामाचा चेहरा पुन्हा साखरपुड्याच्या गॅलरीतला झाला.

पुढच्याच रविवारी आम्ही तिघे कोपरीत गेलो. चाळ नाही, नळ नाही, पण नळाई आहे. टॉवरच्या कुंपणाला लागून रिक्षा स्टँड आहे आणि स्टँडच्या डोक्याशी तिचं देऊळ. संगमरवरी लाद्या, घंटा, रंग बदलणारे दिवे. आत चांदीचे डोळे लावलेली, हिरवी साडी नेसवलेली, शेंदराने जाड झालेली देवी. माझ्या त्या भव्य वर्तुळाच्या आत ती होती. मी नाल्यावर टूथब्रश चालवत होते तेव्हा तिची घंटा मला ऐकू येत होती.

देवळाचं सगळं धोंडिबा काका बघतात. त्यांची रिक्षा आता मुलगा चालवतो. मामाने त्यांना विचारलं, "काका, देवीचं कवच कधी सुटलंय का?" शेंदराचे थर वर्षानुवर्षं चढत जातात आणि एक दिवस सगळं कवच आपोआप गळून पडतं. आतली मूर्ती मग उघडी दिसते.

"सुटलं ना, करोनाच्या आधी. घाबरलेलो आम्ही. बँड लावून कवच खाडीत सोडलं," धोंडिबा काका म्हणाले. "आत देवी एकदम गुळगुळीत. एक रेघ नाही अंगावर. स्वयंभू ना."

आई घंटेकडे बघत राहिली.

"आणि मागून?" मामाने विचारलं.

"मागून?" काकांनी त्याला खालपासून वर न्याहाळलं. "देवाला मागून बघायचं काय काम तुमचं? टॉवर झाला तेव्हा साडीत गुंडाळूनच इथे आणली, भिंतीला सिमेंटात घट्ट बसवलीये."

ती भिंत टॉवरच्या पंपरूमची होती. मामा अंगावर कंपनीचा शर्ट घालूनच आला होता. हातात पेटी असलेल्या माणसाला कुठलाही वॉचमन अडवत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. पंपरूममध्ये अंधार होता, मोटार घरघरत होती. मामाने पावलांनी अंदाज घेतला आणि भिंतीच्या एका जागी तळहात टेकवला. देवी पलीकडे, वीतभरावर.

आता माझं शिक्षण पुन्हा उफाळून आलं. "मामा, तुझ्याकडे तो वायरवाला कॅमेरा आहे ना, शाफ्टमध्ये सोडायचा? आणि ड्रिल आहे. एक छोटं भोक पाडू. कॅमेरा जाईल एवढंच. वरून सिमेंट लावून टाकू. फोटो मिळेल. संचिताला पाठवू. आईला दाखवू. जावयाला दाखवू!"

मामाने ड्रिल काढलं. बिट बसवलं. भिंतीवर टेकवलं. माझ्या हातात कॅमेरा तयार होता. मोटार बंद झाली आणि एकदम शांत झालं. पलीकडे कोणीतरी घंटा वाजवली.

"आणि बिट नेमकं बांगडीवर आलं तर?" मामा म्हणाला.

"येणार नाही. मी मोजून सांगते."

त्याने माझ्याकडे बघितलं. स्विमिंग पूल, खाडी, जाळी, सगळं त्या बघण्यात होतं.

"नको बाळा," तो म्हणाला आणि बिट काढून पेटीत ठेवलं. "तिला नारळ बोललेलो मी. ड्रिल नाही."

बाहेर आलो तर आई देवळासमोर उभी होती. मामा तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. शेजारच्या दुकानातून नारळ घेतला होता, पण तो हातात धरून नुसता बघत राहिला.

"ताई, नवस फेडायचा असतो कधी?"

"मागितलेलं मिळालं की."

"मग मिळालं का?"

आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर तिने भावाला चिडवलं ती गोष्ट आता शेंदूर लावून, साडी नेसून तिच्यासमोर बसली होती, आणि तिने स्वतःच तिला तिथे बसवलं होतं, पाठ फिरवून.

"वाढव," आई म्हणाली. "आधीच उशीर झालाय."

मामाने नारळ वाढवला. धोंडिबा काकांनी अर्धी वाटी परत हातात दिली आणि विचारलं, "कसला नवस होता?"

"हरवलेलं सापडावं म्हणून," मामा म्हणाला.

"मग? पावते आमची देवी," काका म्हणाले.

चहाच्या टपरीवर बसल्यावर आई खोबऱ्याचा तुकडा चघळत सहज म्हणाली, "जड होता रे मेला. आईने खालून धरलेला, मी मागून. नळापर्यंत येईतो माझी बोटं सोलवटली. आणि माझ्या नव्या बांगड्या फुटल्या म्हणून वर आईचाच मार."

मामाने कप खाली ठेवला. "मागून म्हणजे? खडबडीत बाजूने?"

"मग काय."

"तुझी बोटं त्याच्यावर होती?"

"होती. रुतत होतं काहीतरी."

"काय रुतत होतं?"

"आता मला काय माहीत, सुद्या? दगड होता. तेरा वर्षांची होते मी. हंडा भरायचा होता मला."

ग्रुपवर मी काहीच टाकलं नाही. संचिताला मात्र सगळं लिहिलं. तिने कळवलं की भिंत कधी पाडली गेली तर आधी मला सांगा, तोवर कोणी काही करू नका, विशेषतः तुम्ही. शेवटचे दोन शब्द तिने लिहिले नव्हते, पण मला वाचता आले.

पुराव्याच्या नावाने म्हणाल तर आमच्याकडे काही नाही. परवा शेजारच्या काकू सांगत होत्या की आपल्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट दोन वर्षांत होणार. आईने सवयीने तोंड उघडलं, "हो, सुद्याचा..." आणि थांबली. मग म्हणाली, "होईल हो. सांगता येत नाही." काकू बावचळल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन मामाला फोन केला आणि हे सांगितलं. त्याने मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "ताईला दे."

हल्ली तो असाच फोन करतो. लग्नाच्या याद्यांबद्दल बोलायला म्हणून करतो, मंडपवाल्याबद्दल बोलतो, बँडबद्दल बोलतो. मग जरा थांबतो. आई फोन स्पीकरवर टाकून पोळ्या लाटत असते, आणि तो थांबला की तिचंही लाटणं थांबतं. ती पिठाने भरलेल्या स्वतःच्या बोटांकडे बघते, जणू त्यांना विचारावं. आणि पलीकडून मामा विचारतो:

"ताई, आठव ना गं. बोटांना जे लागत होतं, ते गोल होतं का? एकाखाली एक?"